सयाजीगंजातली जुनी मातीची फरशी : चकचकीत कोट खवल्यांसारखा निघतोय, काय करू?

झोपाळेवाला | १२ मे

नमस्कार मंडळी. लांबण लागेल, पण चूक माझीच आहे आणि ती नीट सांगितल्याशिवाय सल्ला मिळायचा नाही.

आमचं घर बडोद्याच्या सयाजीगंजात, आजोबांनी बांधलेलं, नव्वद वर्षांच्या आसपासचं. पुढच्या खोलीत भाजलेल्या तांबड्या मातीची फरशी आहे. ९ इंची चौकोन, खोली १४ बाय १६, म्हणजे चारशेच्या आसपास नग. चकाकी-बिकाकी काही नाही, साधी कोरडी माती. मधोमध झोपाळा. झोका घेताना टाच जिथे टेकते तिथल्या दोन फरश्यांना बशीसारखे उथळ खळगे पडलेत. आजोबा, बाबा, आम्ही भावंडं, सगळ्यांच्या टाचा त्यात जमा आहेत.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदी घरात आली. गुडघाभर पाणी, दोन दिवस. गाळ उपसला, फिनेल मारलं, दिवाळीपर्यंत सगळं वाळल्यासारखं वाटलं. डिसेंबरात भिंती रंगवताना रंगारी म्हणाला, "फरशीवर एक कोट मारून देतो साहेब, काचेसारखी होईल." झाली खरी काचेसारखी. येणारा प्रत्येक पाहुणा खाली वाकून स्वतःचं तोंड बघायचा.

मार्चपासून कोटाखाली पांढरे ढग दिसायला लागले. आता भिंतीलगत कोट फुगतो, टरफलासारखा निघतो आणि येताना फरशीची सालही घेऊन येतो. उघड्या जागी बोट फिरवलं की लाल भुकटी लागते.

धाकटा भाऊ म्हणतो उखडा आणि व्हिट्रिफाइड घाला. आई म्हणते, "घाला, आणि त्यावरून घसरून माझा खुबा मोडला की दवाखान्याचा खर्चही घाला." वाचवता येईल का?

सेवउसळ | १२ मे

पुरात मगर नाही ना आली घरात? आमच्या सोसायटीच्या गेटशी आली होती. वनखात्याची माणसं येईपर्यंत वॉचमन पाण्याच्या टाकीवर चढून बसला होता.

विषयाला धरून : भावाचं ऐका. टाइल्सचं मोरबी आपल्याच राज्यात आहे, माल स्वस्त पडतो. जुन्याला किती कवटाळायचं?

दांडियाबाजारकर | १२ मे

उखडू नका हो. आमच्या वाड्यातली अशीच फरशी काकांनी २००० साली उखडली, आजही हळहळतो. ते पांढरं म्हणजे लोणा. हार्डवेअरच्या दुकानात संडास धुवायचं ॲसिड मिळतं, त्यानं घासा. पांढरं लगेच जातं.

कोब्याचा कारभारी | १२ मे

दांडियाबाजारकर, माफ करा, पण हा सल्ला मागे घ्या. ॲसिड अजिबात नको.

मी कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, सिव्हिल करून बाहेर पडलो, आता निवृत्त आहे. त्या वयाच्या घरात फरशीखाली चुन्याचा कोबा असणार आणि सांधेही चुन्याचे. ॲसिड चुना खातं. वर ते मिठाचं आम्ल, म्हणजे क्लोराइड. फरशीतलं मीठ काढायला तुम्ही आणखी मीठ ओतणार. आठ दिवस स्वच्छ दिसेल, मग दुप्पट फुटेल.

झोपाळेवाला, तुमच्या फरशीला काय झालंय ते सांगतो. भाजलेली माती स्पंजासारखी असते, छिद्राछिद्रांची. पुराचं पाणी गटाराचे सगळे क्षार घेऊन आत गेलं. नंतर ओल वर सरकते, पृष्ठभागाशी येऊन हवेत उडते आणि क्षार मागे ठेवते. फरशी उघडी असती तर ते वर पांढऱ्या पिठासारखे आले असते, केरसुणीनं झाडून टाकता आले असते. तुम्ही वर प्लास्टिक चढवलंत. मग क्षारांनी कोटाच्या खालीच, फरशीच्या सालीच्या आत, स्फटिक धरले. स्फटिक वाढताना जोर करतो, त्यात सालीचा पापुद्रा सुटतो. रंगाऱ्याचा माल खराब नव्हता. मुहूर्त चुकला.

आता तीन गोष्टी बघून सांगा.

घराचं जोतं बाहेरच्या जमिनीपासून आज किती उंच आहे?

आतल्या भिंतींना खालच्या तीन फुटांत कोणी सिमेंटचा गिलावा मारलाय का?

आणि फरश्या नाण्यानं ठोकून पाहा. टणटणीत वाजतात किती, बद (पोकळ) वाजतात किती?

झोपाळेवाला | १४ मे

कारभारीकाका, तुमचा एकेक प्रश्न वर्मी लागला.

फोटोत आजोबांच्या काळात घराला तीन पायऱ्या दिसतात. आज एक आहे. रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर पडत गेला आणि दोन पायऱ्या जमिनीत गेल्या. त्यात मीच २०१८ मध्ये आवारात पेव्हर ब्लॉक बसवले, त्यांचा उतार घराकडे आहे. काल बादलीभर पाणी ओतून बघितलं. सरळ भिंतीच्या पायाशी जाऊन थांबलं.

सिमेंटचा गिलावा आहे, पुरानंतरच केला. "ओल वर चढणार नाही" म्हणून.

नाण्याची परीक्षा आईनं आणि मी मिळून घेतली. ती झोपाळ्यावर बसून वही धरून, मी गुडघ्यांवर. एकूण ३९६ फरश्या, त्यातल्या ३१ बद. बहुतेक दाराजवळ आणि उत्तरेच्या भिंतीशी.

कोब्याचा कारभारी | १४ मे

मग फरशीला नंतर हात लावा. आधी बाहेरचं पाणी. भिंतीलगतचे पेव्हर दोन-अडीच फूट रुंदीत काढा, खडी भरा, उतार उलटा करा. आत सिमेंटचा गिलावा गुडघ्यापर्यंत खरवडून चुन्याचा करा. सिमेंटनं ओल मरत नाही, वाट बदलते. तुमच्याकडे ती फरशीत उतरली.

मृण्मयी | १५ मे

मी फाइन आर्ट्समध्ये शिल्पकलेला होते, मातीकामातच आयुष्य गेलं. काकांचं सगळं पटलं. कोट काढायचं मी सांगते.

आधी कोपऱ्यातल्या एका फरशीवर प्रयोग करा. कापसाच्या बोळ्यानं एनसी थिनर लावा. कोट चिकट होऊन बोळ्याला आला तर तो थिनरनं निघणारा. नाही आला तर पेंट काढायची जेल आणा. जेल ब्रशनं जाडसर लावायची, वर प्लास्टिक झाकायचं, अर्ध्या तासानं लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं ओढायची. लोखंडी पट्टी नको, ओरखडे कायमचे राहतात.

खिडक्या सताड उघड्या ठेवा. आणि हे हसण्यावारी नेऊ नका : त्या दिवशी देवघरातली समईसुद्धा लावायची नाही. गॅस बंद, उदबत्ती बंद. थिनरची वाफ जमिनीलगत पसरत जाते आणि ज्योत शोधते.

पॉलिशचं मशीन आणणारा कोणी भेटला तर चहा पाजून परत पाठवा. भट्टीत फरशीच्या वरच्या पापुद्र्याला आतल्या गाभ्यापेक्षा जास्त आंच लागते, तिथली माती घट्ट होते. मशीन तेच घासून काढतं. मग उरतो मऊ गाभा, जन्मभर धूळ देणारा.

अजब्याचं पाणी | १५ मे

थोडं अवांतर. या फरश्या आपल्याकडच्याच भट्टीच्या की मंगळूरच्या? गुजरातीत मंगलोरी कौलांना 'विलायती नळिया' म्हणतात, माझ्या आजीला वाटायचं ती खरंच विलायतेहून येतात.

झोपाळेवाला | १८ मे

एक सुटी फरशी उचलली. पाठीवर उभ्या आडव्या खाचा आणि इंग्रजी अक्षरं. वरची ओळ झिजलीय, खाली 'मंगलोर' स्पष्ट वाचता येतं. आईनं पदरानं पुसून पुसून वाचलं.

मृण्मयी | १८ मे

वा! मंगळुरात बासेल मिशनच्या जर्मन पाद्र्यांनी १८६५ मध्ये जेप्पूला पहिला कौलांचा कारखाना काढला, नेत्रावतीच्या काठच्या चिकणमातीवर. मग बघता बघता तिथे अनेक कारखाने झाले. कौलं, फरश्या, पन्हाळी, सगळं यंत्राच्या दाबाखाली. म्हणून तुमच्या सगळ्या फरश्या एका मापाच्या आहेत. तरी रंगात फरक दिसत असेल, काही विटकरी, काही काळपट. भट्टीत ज्या आंचेजवळ होत्या त्या काळपट आणि टणक, लांबच्या नारिंगी आणि मऊ.

उचललेली प्रत्येक फरशी त्याच जागी परत जायला हवी. पाठीवर खडूनं आकडे टाका.

सेवउसळ | १८ मे

माझं मोरबीचं विधान मागे घेतो. आमच्याकडच्या व्हिट्रिफाइडच्या पाठीवर नुसता बारकोड असेल.

झोपाळेवाला | ९ जून

कोट निघाला. थिनरनं अर्धाच आला, बाकी जेल. बारा दिवस लागले, रोज चार-साडेचार तास. खळग्यांमध्ये कोट सगळ्यात जाड साठला होता, तिथे जुना टूथब्रश कामी आला.

खोली आता विचित्र दिसते. मधे तांबडी, कडेनं खरुजल्यासारखी. आणि आता रोज सकाळी भिंतीलगत पांढरं पीठ. पुसायला पोतं घेतलं तर आई ओरडली, "काकांनी झाडायला सांगितलंय ना?"

कोब्याचा कारभारी | ९ जून

आईंना नमस्कार सांगा. अगदी बरोबर. ओल्या पोत्यानं पुसलंत तर क्षार विरघळून परत आत जातात. कोरडा मऊ ब्रश, सुपली, कचऱ्यात. अंगणातल्या तुळशीतही टाकू नका.

आता एक सावधगिरी. पंधरा दिवसांत पाऊस येईल आणि पांढरं दिसेनासं होईल. त्याला गेलं समजू नका. हवा दमट असली की काही क्षार पाणी धरून विरघळलेले राहतात, थंडीत हवा कोरडी झाली की पुन्हा फुटतात. म्हणून यंदाचा पावसाळा फरशी उघडीच राहू दे, वर सतरंजीसुद्धा नको. दिवाळीनंतर खरा हिशेब कळेल.

इंदूरच्या वहिनी | ११ जून

आमच्याकडे रामबागेतल्या घरात अशीच फरशी होती, सासूबाई तिला आठवड्यातून एकदा गेरूचं पाणी द्यायच्या. लाल दिसते, भुकटीही कमी वाटते. करून बघा की.

मृण्मयी | ११ जून

वहिनी, गेरू दिसायला छान. पण तो छिद्रं बुजवतो आणि तेल पिऊ देत नाही, शिवाय पांढऱ्या धोतराला लागतो तो वेगळाच. इथे तूर्त काहीच न लावणं हाच उपाय आहे.

भिंतीलगत जिथे जास्त फुटतंय तिथे मुलतानी मातीचा लेप द्या. बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी, बॅटरीत घालतात ते. नळाचं किंवा बोअरचं नको, त्यातच क्षार असतात. श्रीखंडाइतका दाट कालवा, अर्धा इंच थापा आणि पूर्ण वाळून तडकेपर्यंत हात लावू नका. लेप वाळताना ओल ओढतो, ओलीबरोबर मीठ लेपात येतं. मग उचलून फेका. तीन-चार वेळा. पण पावसाळ्यात नाही, लेप वाळायला कोरडी हवा लागते.

झोपाळेवाला | २३ नोव्हेंबर

धागा वर काढतो.

पेव्हर काढले, खडी भरली, उतार बदलला. यंदाच्या पावसात भिंतीच्या पायाशी एकदाही पाणी थांबलं नाही. सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला. चुन्यात काम करणारा कडिया (गवंडी) शोधायला पाच आठवडे गेले. मिळाले ते सत्तरीचे काका, हात लावला की चुना 'भुकेला' की 'धालेला' सांगतात.

गणपतीत आईनं हट्टानं झोपाळ्याच्या जागी मखर मांडलं, समईचं तेल सांडलं, हळद सांडली. हळद उन्हाच्या तिरिपेत आपोआप फिकी झाली. तेलाचा डाग आहे.

दिवाळीनंतर कारभारीकाकांनी सांगितलं तसंच झालं, पांढरं पुन्हा आलं. लेप सुरू केलेत. पहिला उचलला तेव्हा त्याच्या पाठीला बर्फासारखी बारीक कळी चिकटली होती. दुसऱ्याला कमी.

कोब्याचा कारभारी | २३ नोव्हेंबर

तेलाच्या डागाला हीच मुलतानी, फक्त पाण्याऐवजी टर्पेन्टाइनमध्ये कालवून. पुन्हा समई बंद.

बद फरश्या आता बसवून घ्या. खाली चुना एक, सुरखी (विटांची भुकटी) एक, वाळू दोन. फरशी आधी पाण्यात बुडवून, निथळवून मगच ठेवायची. कोरडी ठेवलीत तर चुन्यातलं पाणी शोषून घेते आणि पुन्हा बद होते. सांधेही त्याच मालानं, सुरखी बारीक चाळून. आठवडाभर ओलं गोणपाट. कोणी व्हाइट सिमेंट भरायला आला तर नाही म्हणा. सांधा फरशीपेक्षा कडक झाला की कडा फरशीच्या तुटतात.

वाळल्यावर १८ इंची चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून फरशीवर लावा, एक पूर्ण दिवस-रात्र. उचलल्यावर आतून दव किंवा खाली काळसर डाग असेल तर अजून थांबा.

झोपाळेवाला | ८ फेब्रुवारी

प्लास्टिक सहा ठिकाणी लावलं. पाच कोरडी. उत्तरेच्या भिंतीशी अजून दव. बाकी खोलीत महिनाभर पीठ नाही.

आता मोठा प्रश्न. लावू काय? दुकानदार सिलेनवालं सीलर देतो, म्हणतो रंग बदलत नाही, श्वास घेते. मृण्मयीताई आधी तेलाचं म्हणाल्या होत्या.

दांडियाबाजारकर | ८ फेब्रुवारी

एकदा हात पोळलाय तर काहीच लावू नका असं माझं मत.

कोब्याचा कारभारी | ९ फेब्रुवारी

सिलेन-सिलॉक्सेन वाईट नाही. वाफ जाऊ देतं, पाणी थांबवतं. पण फरशीत क्षार शिल्लक असतील तर ओल त्या थराच्या खालीच सुकते आणि स्फटिक तिथेच धरतात. पुन्हा पापुद्रा. आणि एकदा मुरलं की थिनर-जेल कशानंही परत काढता येत नाही. तुमच्या घरात पूर येऊन गेलाय, पुन्हा येणार नाही असं विश्वामित्रीनं लिहून दिलेलं नाही. मी लावणार नाही.

मृण्मयी | ९ फेब्रुवारी

माझं मत जवसाच्या तेलाला. ते झिजतं, पुन्हा देता येतं. पण उकळवलेलंच घ्या, पेंटवाल्याकडे 'डबल बॉइल्ड' म्हणून मिळतं. कच्चं तेल वाळायला आठवडे घेतं, तोवर सगळी धूळ चिकटते.

पहिला हात तेल आणि टर्पेन्टाइन निम्मं-निम्मं. ब्रशनं लावा, वीस मिनिटं पिऊ द्या, मग वर राहिलेलं सुती फडक्यानं अगदी कोरडं पुसा. नव्वद टक्के लोक इथे चुकतात. जास्त राहिलं तर जास्त चांगलं असं वाटतं आणि फरशी गुळाच्या ढेपेसारखी चिकट होते. पुढचे हात दोन-दोन दिवसांनी, टर्पेन्टाइन कमी करत. रंग गडद होईल, ओल्या फरशीसारखा. तो आवडणार नसेल तर आत्ताच थांबा, परत फिकी होत नाही.

शेवटचा हात वाळला की पंधरा दिवसांनी मधमाशीचं मेण, देशी औषधं विकणाऱ्या गांध्याकडे मिळतं. टर्पेन्टाइनमध्ये विरघळवायचं, तेही गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून, आंचेपासून लांब. पातळ हात, मग लोकरीनं घासायचं.

उत्तरेच्या भिंतीलगतच्या दोन रांगांना काहीच नको. ओलीला एक दार उघडं हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मी आधी सांगायला हवं होतं. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. घडीत उष्णता कोंडली की फडकं आपोआप पेटतं. आमच्या स्टुडिओत रात्री एक बादली अशीच जळाली, सकाळी भिंत काळी. फडकी अंगणात एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

अजब्याचं पाणी | ९ फेब्रुवारी

हे माहीतच नव्हतं. बाबा खिडक्यांना हेच तेल लावायचे आणि फडकी कपाटाखाली कोंबायचे. नशीब म्हणायचं.

झोपाळेवाला | १५ मार्च

चार हात झाले, मेणही झालं. सगळं मिळून तेल सव्वातीन लिटर, टर्पेन्टाइन दोन लिटर, मेण पाव किलो. पहिल्या हाताला फरशीनं तेल असं ओढलं की ब्रश पुढे गेला की मागची जागा कोरडी. तिसऱ्याला पोट भरलं. फडकी तुळशीभोवती पसरली होती, शेजारच्या काकूंना वाटलं पापड वाळत घातलेत.

रंग गडद झालाय. पहिल्या दिवशी मला धस्स झालं, जास्तच काळी वाटली. आई म्हणाली, तिच्या लग्नात अशीच होती. पाण्याचा थेंब टाकला तर आता मण्यासारखा उभा राहतो, मिनिटानं जरा पसरतो. उत्तरेच्या दोन रांगा फिक्या आहेत, पाहुणे विचारतात. मी म्हणतो ते डिझाइन आहे.

एकच जागा ऐकत नाही. झोपाळ्याखालचे ते दोन खळगे. सहा हात दिले, अजून तेल पितात आणि दुसऱ्या दिवशी मंद कोरडे.

मृण्मयी | १५ मार्च

तिथली साल तुमच्या घरच्यांनीच टाचांनी घालवली आहे, उरलाय तो गाभा. तो पीतच राहणार. वर्षातून एकदा तेवढ्यालाच एक हात द्या, पातळ, आणि पुसून घ्या. त्या फरश्या उलट्या करून बसवायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका.

सेवउसळ | १५ मार्च

भावानं आधीच दिला असणार. फोटो टाका हो आता, दहा महिने वाट बघतोय.

झोपाळेवाला | १५ मार्च

दिला होता, मागच्याच आठवड्यात. फोटो टाकतो, पण खळगे दिसायला हवेत आणि आई झोपाळ्यावर बसली आहे. उठली की काढतो.